रामटेकेबाईंचा पासवर्ड

नागपूर शहरात खासगी आयुष्याचा जन्म आमच्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, एका वातानुकूलित खोलीत, ऐंशीच्या दशकात झाला. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. त्याआधी या शहरात कोणाला खासगी असे काही नव्हते. शेजारी कोणती भाजी शिजते आहे ते गल्लीच्या तोंडाशी कळायचे, आणि उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपत असल्यामुळे घोरणेसुद्धा सार्वजनिक होते. मग आमच्याकडे संगणक आला आणि साध्या पगारी नोकराला आयुष्यात प्रथमच एक अधिकृत गुपित मिळाले. त्याचे नाव पासवर्ड. उद्घाटनाच्या भाषणात पिंपळखुटे साहेबांनी त्याला ‘व्यक्तिस्वातंत्र्याची किल्ली’ म्हटले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना माहीत झाले होते. रामटेकेबाईंचा सोडून.

हे आठवायचे कारण म्हणजे माझा सध्याचा फोन. तो दिवसभर मला मी कोण ते विचारत असतो आणि मी सांगितलेले त्याला पटत नाही. वर्तमानपत्रात रोज वाचतो की आपली माहिती चोरीला जाते आहे. नातू म्हणतो, आजोबा, काळजी घ्या. मी काळजी घेतो म्हणजे काय करतो, तर उठतो, खिडकीपाशी जातो, परत येऊन बसतो. माहिती चोरीला जाण्याची मला एवढी भीती वाटत नाही. आमच्या काळी ती मागून नेत. मागणारा बहुधा ओळखीचा असे, म्हणून नाही म्हणणे अवघड जाई.

आमची कचेरी कोणती ते सांगत नाही. विदर्भभर गोदामे, ट्रक आणि त्यांवर राबणारी माणसे, एवढे पुरे. मी साठच्या दशकात तिथे लागलो तेव्हा संगणक नव्हता, पंच-मशीन होती. जाड कागदाची कार्डे असत. ऑपरेटर कळ दाबी आणि कार्डाला भोक पडे. कुठल्या ओळीत कुठे भोक आहे त्यावरून दुसरे यंत्र नाव, गाव, हुद्दा असे सगळे वाचून काढी. चुका होऊ नयेत म्हणून तेच कार्ड दुसरी ऑपरेटर पुन्हा दुसऱ्या यंत्रावर चालवी. दोघींच्या कळा जुळल्या नाहीत की यंत्र अडे. म्हणजे कोणतीही गोष्ट कमीत कमी दोघींना माहीत व्हायचीच. खासगीपणाच्या दृष्टीने ही पद्धत कशी होती हे तेव्हा कोणी विचारले नाही. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी मध्यस्थाने मुलीकडे सांगितले, ‘पोरगा सरकारी कार्डांना भोकं पाडते.’ बोलणी त्यामुळे बरीच लांबली.

छापील कागद वाया जात तेही रद्दीत विकले जात. ती रद्दी संत्र्यांच्या पेट्यांत खाली घालायला फार चांगली, असे व्यापारी सांगत. कागद लांबलचक आणि दमट होत नाही. आमच्या चंद्रपूर गोदामातल्या झाडून सगळ्या माणसांची नावे, वडिलांची नावे आणि जन्मतारखा अशा रीतीने संत्र्यांखाली अंथरून कलकत्त्याला गेल्या. कोणाची तक्रार आली नाही. संत्री चांगली होती.

संगणक आला तो या पार्श्वभूमीवर. त्याच्या खोलीत जाताना जोडे बाहेर काढायचे. कारण धूळ, पण माणसे आत आल्यावर हातही जोडू लागली. यंत्राला हार घातला होता तो धुळीच्या कारणावरूनच काढावा लागला. खोलीला थंड हवेची यंत्रणा होती, त्यामुळे मार्च संपला की सगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांना संगणकाच्या प्रगतीची एकदम काळजी वाटू लागे. ते येत, जोडे काढत, खुर्ची ओढत आणि प्रगती पाहत डोळे मिटत. चार पडदे म्हणजे टर्मिनल होते. प्रत्येकावर एक ऑपरेटर. भांडाराची माहिती देशकर नावाच्या गृहस्थांकडे, रजा आणि हजेरी आणखी दोघांकडे, आणि कर्मचाऱ्यांच्या आजारपणाची, म्हणजे ज्याला आम्ही ‘मेडिकल’ म्हणत असू ती फाइल रामटेकेबाईंकडे. मी या सगळ्यांचा सुपरवायझर.

संगणकाच्या कंपनीचा माणूस पहिल्या दिवशी म्हणाला, आपापला पासवर्ड टाका. सगळे पडद्यासमोर असे उभे राहिले जसे बारशाला पाळण्यापुढे. देशकरांनी खूप विचार करून सासूबाईंचे नाव टाकले. ‘मी ते नाव प्रेमानं आठवीन असा कोणाले संशय येणार नाही,’ असे त्यांनी तिथेच सगळ्यांना समजावून सांगितले. शेवटी रामटेकेबाई बसल्या. इकडेतिकडे न बघता क्षणात ‘झालं’ म्हणून उठल्या.

यंत्र तीन चुका सहन करी. चौथ्यांदा विचारायच्या ऐवजी ते कुलूप लावून बसे आणि ते कुलूप काढायला मुंबईहून इंजिनियर यावा लागे. म्हणून साहेबांनी फर्मान काढले की रजेवर जाणाऱ्याने कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि पासवर्ड यांचा चार्ज देऊनच जावे. कोणी विसरून गेला तर आम्ही सायकलवर माणूस पाठवत असू. एकदा देशकर आजारी होते म्हणून मी स्वतःच सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेलो. पासवर्ड त्यांनी बदलला होता. वहिनींनी दारातूनच सांगितला. शेजारच्या ओट्यावर डाळ निवडणारी बाई म्हणाली, ‘अवो, तो त मागच्या महिन्याचा. आता त्याईनं धाकट्या पोरीचं नाव ठेवलं.’

रामटेकेबाई रजेवर जाताना किल्ल्या देत, शिक्का देत, पासवर्ड देत नसत. काम राहिले तर आल्यावर रविवारी येऊन करीत, म्हणून मीही गप्प होतो. बाई पंच-मशीनच्या काळापासून हंगामी होत्या. इतका लांब हंगाम कोणत्या पिकालाही मिळत नसेल. संगणक आल्यावर पंच ऑपरेटरची पदेच रद्द झाली. ज्यांना टर्मिनलवर कायम करतील ते राहतील, बाकीचे घरी. बाईंचा कायम करण्याचा प्रस्ताव मी पाठवला होता आणि तो साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. त्यांचे यजमान ज्या मिलमध्ये कामाला होते ती अर्धी बंद होती. हे सर्वांना माहीत होते. आमच्या कचेरीत सगळ्यांचे सगळे माहीत असे.

बाईंचा हात विलक्षण जलद होता. पासवर्ड टाकताना त्या यंत्राचे कापडी आवरण कळफलकावर ओढून खाली हात घालत. आवाज म्हणाल तर एकच ‘टक’. मी नव्या ऑपरेटरांना सांगत असे, पंच-मशीनवर वर्षानुवर्षे काढलेला हात असा असतो. पाच-सहा कळा पडतात आणि कानाला एक वाटते.

आता सोयरिकीकडे येतो. संगणक खोटे बोलत नाही असे वर्तमानपत्रांनी तेव्हा इतके छापले होते की लोकांनी त्याचा अगदी योग्य तो उपयोग शोधून काढला. ते मुलांची चौकशी करायला आमच्याकडे येऊ लागले. पूर्वी मुलीचा बाप मुलाच्या कचेरीत येऊन चपराशाला चहा पाजून माहिती काढी. आता तो साहेबाकडून चिठ्ठी आणी आणि जोडे काढून आत येई. ‘तुमच्या आर्वी गोदामात आहे पोरगा. पाहा बरं कॉम्प्युटरात, दारू गिरू पेते का?’ मी सांगे, काका, यात फक्त हजेरी आहे. मग ते पडद्याकडे बघत, माझ्याकडे बघत, आणि मी मुलाच्या बाजूचा आहे असे समजून जात.

त्या एप्रिलमध्ये काटोलचे केशवराव आले. संत्र्याचे व्यापारी, पिंपळखुटे साहेबांच्या गावाकडचे स्नेही, धोतर स्वच्छ, आवाज मोकळा. सोबत मृगबहाराच्या शेवटच्या संत्र्यांची पेटी. ती खराब होऊ नये म्हणून साहेबांनी संगणकाच्या खोलीत ठेवायला सांगितली. धूळ चालत नाही, संत्री चालतात. मला केबिनमध्ये बोलावणे आले.

साहेब म्हणाले, ‘आपल्या भांडारातला प्रकाश. खाप्याचा. केशवरावांच्या मुलीसाठी पाहतो आहोत. मुलगा चांगला आहे.’

‘चांगला आहे,’ मी म्हणालो.

‘थांबा ना भाऊ,’ केशवराव म्हणाले. ‘पोरगा मागच्या वर्षी लय महिने कामावर नव्हता म्हणतेत. कोणी म्हणते पोटाचं होतं, कोणी म्हणते छातीचं. मी खाप्याले जाऊन आलो. तिथं जो तो पोराची तारीफच करून राहिला. इतकी तारीफ ऐकून मले भेव वाटलं.’

‘मेडिकल उघडा आणि सांगा,’ साहेब म्हणाले. ‘दोन मिनिटांचं काम.’

मी बाईंकडे गेलो. त्या काम करत होत्या, थांबल्या नाहीत.

‘कोणतं बिल पास करायचं हाय, साहेब?’

‘बिल नाही. सोयरीक आहे.’

‘मंग सोयरिकीत पाहावं. इथं काहून?’

‘साहेबांनी सांगितलंय.’

‘लेखी?’

परत केबिनमध्ये गेलो. साहेबांनी दुसरा मार्ग काढला. अधिकारी माणसे मार्ग फार लवकर काढतात. ते म्हणाले, बाईंना नको तर त्यांनी पाहू नये. पासवर्ड द्यावा, मी पाहतो. मी तो निरोप घेऊन पुन्हा बाईंकडे.

‘म्हणजे,’ बाई म्हणाल्या, ‘माह्या घरची चावी मी देऊ, अन् मी म्हणू का मी नाही गेली बा आत, तेच गेले. असं?’

‘बाई, तुमचा कागद त्यांच्या टेबलावर आहे.’

‘मले माहीत हाय.’ आता त्यांचे हात थांबले. ‘त्याच्यासाठीच त नाही देत. हंगामी असताना हे मांगतेत, त पर्मनंट झाल्यावर काय काय मांगतीन?’

मी खिशात हात घालून उभा राहिलो. मग खाली भांडारात गेलो. प्रकाश तिथे नटबोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावत होता. उंच, थोडा बारीक, शर्ट नवीन. त्याने विचारले, ‘काही पाहिजे होतं का, साहेब?’ मी म्हणालो, नाही. वर आलो. तो सगळा आठवडा मी असाच जिन्यावर वरखाली केला. बाईंना मेमो निघाला. ‘कार्यालयीन मालमत्ता, म्हणजे पासवर्ड, वैयक्तिक ताब्यात ठेवल्याबद्दल खुलासा करावा.’ बाईंनी एका ओळीत खुलासा केला: ज्या कामासाठी मागितला ते काम कृपया लेखी कळवावे. साहेबांनी तो वाचला आणि कायम करण्याचा कागद टेबलावरून उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. हे मी पाहावे म्हणूनच त्यांनी मला उभे ठेवले होते.

केशवराव दर दोन दिवसांनी काटोलच्या बसने येत. मुहूर्त जवळ येत चालले होते. चहाच्या टपरीवर या विषयाचे दोन पक्ष पडले. एक म्हणे बाई गर्विष्ठ. दुसरा म्हणे बाईलाच पासवर्ड आठवत नाही. संगणकामुळे माणसांच्या नोकऱ्या जाणार अशी तेव्हा सगळीकडे चर्चा होती. पण संगणकाने नाही, संगणकातले काही सांगायचे नाकारल्याने नोकरी जाते आहे, हे टपरीवर कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या आले होते. त्याचा बाईंना उपयोग नव्हता.

शेवटी एका दुपारी साहेब स्वतः आले. जोडे काढले. मागे केशवराव, त्यांच्या मागे देशकर आणि थंड हवेला आलेले तीन अधिकारी. बाई जेवायला गेल्या होत्या. साहेब त्यांच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘बायका काय ठेवणार? घरातलंच नाव.’

त्यांनी बाईंच्या मुलाचे नाव टाकले. नाही.

‘सायब, गावाचं टाका,’ कोणीतरी म्हणाले. बाईंच्या माहेरचे गाव टाकले. नाही.

मी म्हणालो, ‘साहेब, आता एकच राहिली.’

‘सोपं आहे,’ साहेब म्हणाले. त्यांनी खोलीकडे एकवार हसून पाहिले आणि एकेक कळ दाबत ‘बुद्धा’ टाकले.

बाई दारात उभ्या होत्या. डबा हातात, पाय अनवाणी. पडद्यावर अक्षरे आली, यंत्राने शिट्टीसारखा आवाज केला आणि चारही टर्मिनल थंडावली. बाई पुढे आल्या, डबा टेबलाखाली ठेवला, आणि केशवरावांना म्हणाल्या:

‘काका, पोरगा खाली हाय. भांडारात. तुम्ही त्याले इचारलं?’

‘त्याले?’ केशवराव गोंधळले. ‘त्याले कसं इचारावं वं माय? सोयरिकीत पोराले इचारतेत काय?’

‘आजार त त्यालेच झाला होता ना?’

केशवरावांनी बंद पडद्याकडे एकदा पाहिले. मग बाहेर जाऊन जोडे घातले आणि जिना उतरले. काय बोलणे झाले ते मला नंतर त्यांनीच सांगितले. प्रकाशने खोका खाली ठेवला आणि म्हणाला, छातीचं होतं, टीबी. औषध पूर्ण केलं. डॉक्टरनं आता मोकळं केलं. बाबा म्हणत होते सांगू नको, पण मले झोप लागत नव्हती. केशवराव त्याला म्हणाले, ‘मंग इतके दिवस बोलला काहून नाही गा?’ प्रकाश म्हणाला, ‘कोणी इचारलंच नाही. सगळे वरतेच जाऊन राहिले होते.’

त्यांनी डॉक्टरची भेट घेतली, एक मोसम थांबले, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न झाले. मी जेवायला होतो. पण ते पुढचे. इकडे कचेरी बंद पडली होती. ट्रकांच्या नोंदी, हजेरी, भांडार, सगळे कुलपात. तिसऱ्या दिवशी मुंबईहून इंजिनियर आला. तरुण, चुणचुणीत, जोडे न काढता आत शिरला. आम्ही सगळे दचकलो. यंत्राला काही झाले नाही.

साहेब त्याला म्हणाले, कुलूप काढा, आणि आलाच आहात तर मेडिकल फाइल पासवर्डशिवाय उघडून द्या. केशवरावांना आता तिची गरज उरली नव्हती. पण साहेबांचा हट्ट आता केशवरावांसाठी राहिला नव्हता. ड्रॉवर तसाच होता. ती फाइल उघडली गेली असती तर बाई दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या, एवढे मला कळत होते. मी उगाच संत्र्यांच्या रिकाम्या पेटीची जागा बदलत होतो.

‘हो जाएगा, साब,’ इंजिनियर म्हणाला. ‘लेकिन एक आदमी का नहीं निकलेगा. पूरी फाइल प्रिंट होगी, ए टू झेड.’

देशकर अत्यंत सरळ मनाचे गृहस्थ. त्यांनी विचारले, ‘म्हणजे अधिकाऱ्याईचंबी निंघन का?’

‘सबका.’

‘पी पण?’

‘पी क्यों नहीं?’

पिंपळखुटे साहेबांनी रुमालाने कपाळ पुसले. त्या खोलीत घाम येत नसे. गेल्या दिवाळीच्या सुमारास साहेब तीन आठवडे रजेवर होते आणि परत आल्यावर कित्येक दिवस खुर्चीवर रबराची हवेची गादी घेऊन बसत, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. कारण मात्र फक्त रामटेकेबाईंनी टाइप केले होते. त्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. इतके दिवस त्यांना ते कारण एका वाक्यात बोलून दाखवता आले असते. त्या बोलल्या नव्हत्या.

साहेब उभे राहिले. ‘नको,’ ते म्हणाले. ‘तत्त्वाचा प्रश्न आहे. कर्मचाऱ्याचा आजार ही पवित्र ठेव असते. मला फक्त आपली व्यवस्था किती पक्की आहे ते तपासायचं होतं.’

दोन आठवड्यांनी समारंभ झाला. साहेबांनी वरिष्ठ कार्यालयाला कळवले होते की माहितीच्या सुरक्षिततेची कडक चाचणी घेण्यात आली आणि ती यशस्वी झाली. बाईंना कायम केल्याचा आदेश, नारळ, आणि मोसम नसताना कुठून तरी मिळवलेली संत्री देण्यात आली. साहेब बोलले. प्रयत्नांची पराकाष्ठा करूनही जो भेदता आला नाही असा तो पासवर्ड, रामटेकेबाईंच्या मनाच्या गाभाऱ्यात सुरक्षित आहे, सर्वांनी तो आदर्श ठेवावा. त्यावर सगळ्यांनी स्फूर्ती घेऊन कठीण कठीण पासवर्ड केले, आणि ते लक्षात राहीनात म्हणून चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवले.

समारंभानंतर मी बाईंना जिन्यात गाठले. नारळ त्यांनी पदरात धरला होता. मी म्हणालो, ‘बाई, मी मागत नाही. पण साहेबांनी तो ‘बुद्धा’ टाकला, तेव्हा मला वाटलं, तोच असेल की काय.’

‘माह्याकडं पाहून त्याईले तेवढंच सुचलं,’ बाई म्हणाल्या. ‘असू द्या.’ दोन पायऱ्या उतरल्यावर त्या थांबल्या. ‘तुम्ही मांगतला नाही म्हणून सांगतो, साहेब. मी काहीच नाही टाकत.’

‘म्हणजे?’

‘त्या दिवशी तो कंपनीवाला म्हणे पासवर्ड टाका. माह्या मागं साहेब उभे, अधिकारी उभे. मले काही सुचलंच नाही. मी नुसतं एन्टर दाबलं. यंत्र चालू झालं. मंग तसंच ठेवलं.’

‘मग आवरणाखाली हात घालून काय दाबत होता?’

‘एन्टर.’